सपाट हँडलची, जाड टायरची मी

मी एक सायकल बोलतेय! अंगावर चिखल आहे, चेन कुरकुरतेय, पण आज गप्प राहवत नाही.

मी ग्रॅव्हल बाइक. खडीच्या, मातीच्या, जंगलातल्या वाटांवर पळायला बनवलेली. माझ्या बहुतेक बहिणींचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असतं. माझं मात्र सरळ, सपाट. त्यामुळे जो येतो तो मला शहरातल्या डांबरी रस्त्यांवरची हायब्रिड सायकलच समजतो. अहो, टायर तरी बघा!

तैवानच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मग खोक्यात बसून लांबलचक समुद्रप्रवास, आणि खोकं उघडलं ते थेट वेल्समध्ये, कार्डिफमधल्या एका दुकानात. दुकानदार ग्विन मोठा हसरा माणूस. त्याने माझी चाकं बसवली, ब्रेक तपासले आणि मला एका हायब्रिडच्या शेजारी उभं केलं. दोघींची किंमत सारखीच! तिला मात्र मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवे, सगळं सगळं होतं. मला साधी घंटीसुद्धा नव्हती.

एका शनिवारी बापलेक दुकानात आले. जयंत हे हाडांचे डॉक्टर. पुण्याहून इथल्या इस्पितळात आले आणि इथूनच निवृत्त झाले. शाल्मली त्यांची मुलगी. जन्म कार्डिफचाच. ती मिडवाइफ आहे, घरोघरी जाऊन बाळंतपणं करते. दोघांनाही सायकली घ्यायच्या होत्या. शाल्मली थेट माझ्यापाशी आली.

"बाबा, मला हा सायकल आवडला!"

"हा नाही, ही. आणि आवडली," जयंत म्हणाले. "पण अगं, हिच्यात आलंय काय? त्या हायब्रिडला बघ, सगळं लावून मिळतंय. त्याच पैशात! व्हॅल्यू फॉर मनी म्हणून काही असतं की नाही?"

"बट हिचे टायर बघा ना बाबा, किती जाडा आहेत! आणि गिअर बघा. चढावर लाइफ इझी होईल."

"तू जाणार क्लिनिकला. सगळा डांबरी रस्ता. जाड टायर घेऊन करणार काय?"

ग्विनला मराठी कुठलं कळायला? पण भांडण ओळखीचं असावं. "दोन्ही बाहेर घेऊन जा," तो इंग्रजीत म्हणाला. "एकेक चक्कर मारून या."

बस्स! शाल्मलीने मला पार्कात नेलं आणि पायवाट सोडून सरळ गवताच्या उतारावर घातलं. मुळं आली, खड्डे आले, ती ओरडत होती, हसत होती, आणि माझं पहिलंवहिलं धावणं सुरू झालं होतं! परत आल्यावर तिने विचारसुद्धा केला नाही. तिने मला घेतलं आणि जयंतांनी हायब्रिडला. एकाच घरात दोघी नांदायला गेलो.

पण खरं सांगते, पुढचे महिने माझे काही फार बरे गेले नाहीत. कार्डिफचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच. मला मडगार्ड नाहीत, त्यामुळे क्लिनिकला पोचेपर्यंत शाल्मलीच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटायचा. जयंत कोरडेठाक! "म्हटलं होतं ना मी?" ते म्हणायचे. मग माझ्यासाठी मडगार्ड आले. मग दिवे. म्हणजे दुकानात सारख्या किमतीची असलेली मी घरी आल्यावर महाग पडले. डांबरी रस्त्यावर ती हायब्रिडच पुढे पळायची, टायर बारीक ना तिचे! शेडमध्ये ती माझ्याशी काही बोलत नसे. जिंकणाऱ्याला बोलायची गरज काय?

एकदा तर शाल्मली स्वतःच म्हणाली, "बाबा, तुमचा बरोबर होता. ही विकून टाकू का?"

त्या दिवसापासून शेडचं दार वाजलं की मला वाटायचं, आलं माझं गिऱ्हाईक!

आणि मग फेब्रुवारीतलं ते वादळ आलं.

आदल्या दिवसापासून वाऱ्याने थैमान घातलं होतं. सकाळी वारा पडला आणि शाल्मलीचा फोन वाजला. डोंगरावरच्या एका शेतघरात कॅरिस नावाची बाई राहते. तिचं बाळंतपण घरीच व्हायचं होतं. कळा सुरू झाल्या होत्या, आणि अपेक्षेपेक्षा फार भराभर वाढत होत्या. शाल्मली गाडी घेऊन निघाली आणि लगेच परत आली. रस्त्यावर भलंमोठं झाड आडवं पडलं होतं, मागे गाड्यांची ही रांग! तिच्या मदतीला येणारी दुसरी मिडवाइफ त्या रांगेतच अडकली होती. ॲम्ब्युलन्सही पोचू शकत नव्हती.

"बाबा, जंगलातून वाट आहे," ती म्हणाली. "रस्ता डोंगराला राउंड मारून जातो. वाट सरळ वर जातो."

जयंतांनी 'जाते' असं सुधारलं नाही. ते शेडकडे धावले, त्यांनी मला बाहेर काढलं, टायर दाबून बघितले. "इंजेक्शनं घेतलीस? हातमोजे? बाकीची बॅग मी माझ्या कॅरिअरवर टाकतो. झाडापर्यंत जातो, सायकल उचलून पलीकडे नेतो. तू हो पुढे!"

काय सांगू तुम्हाला! वाट कसली, ओढाच तो. दगड सुटलेले, फांद्या पडलेल्या, पानांखाली चिखल. शाल्मलीने सगळ्यात हलका गिअर टाकला. माझं मागचं चाक एकदा घसरलं, दोनदा घसरलं, पण जाड टायरने माती पकडली आणि सोडली नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "चल, चल ना," ती म्हणत होती. मला म्हणत होती की स्वतःला, कोण जाणे. एका ठिकाणी ओंडका आला. ती उतरली, मला खांद्यावर घेतलं, पलीकडे उडी मारली आणि पुन्हा बसली. मी हलकी आहे याचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला!

शेतघराच्या अंगणात तिने मला अक्षरशः गवतावर फेकलं आणि ती आत धावली.

मी तशीच पडून होते. आतून कॅरिसचं ओरडणं येत होतं. मग शाल्मलीचा शांत आवाज, इंग्रजीत: "थांब, आता जोर लावू नकोस. नाळ आहे बाळाच्या मानेभोवती. मी सोडवतेय." मग काहीच नाही. एवढी शांतता मी कुठल्याच जंगलात ऐकलेली नाही.

आणि मग रडणं! खणखणीत, रागीट, जिवंत रडणं!

थोड्या वेळाने फाटकातून जयंत आले. घामाघूम, हायब्रिडच्या कॅरिअरवर बॅग घट्ट बांधलेली. रांगेतल्या ड्रायव्हर मंडळींनी तिला झाडावरून उचलून दिलं होतं. एवढं वजन मला पाठीवर घेता आलं नसतं, हे मी मान्य करते. त्यांनी हायब्रिड स्टँडवर लावली, मला गवतातून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. शाल्मली दारात आली.

"मुलगी आहे, बाबा. दोघी ओके आहेत. बाळ निळा होता. आणखी उशीर झाला असता तर..."

जयंतांनी तिला जवळ घेतलं. दुसरा हात माझ्या सीटवर होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मलाच मागून घेतलं. डोंगराच्या उतारावर हे सत्तरीचे डॉक्टर असे काही ओरडले की झाडांवरचे कावळे उडाले! "अगं, ही तर भन्नाट आहे!"

आता मला विकायचं नाव कुणी काढत नाही. माझ्यावर ओरखडे पडलेत, एक पेडल वाकडं झालंय. शेडमधली ती आणि मी आता मैत्रिणी आहोत. तुमचा रोजचा रस्ता डांबरी असेल, सामान वाहायचं असेल, तर खुशाल तिला घ्या. पैसा वसूल होईल. पण रस्ता संपतो तिथून पुढे जायची तुम्हाला थोडीशी जरी हौस असेल, तर माझ्या अंगावर काय काय लावलंय ते मोजत बसू नका. एकदा बसा, आणि उतारावर सोडून द्या.

अगबाई! शाल्मली हेल्मेट घालून धावत येतेय. चला, कुणीतरी जन्माला यायचंय.

येते मी!