प्रथमोपचार प्रमुख

दयानंदांना फिट येते, हे बंगळुरात बसवनगुडीतल्या त्या ऑफिसात अकरा वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीत ते मुद्रितं तपासत. डबा खाऊन झाला की एक गोळी घेत, कोणी विचारलंच तर "ॲसिडिटी" म्हणत. निपाणीहून निघताना थोरल्या भावानं बजावलं होतं, नोकरीच्या ठिकाणी याची वाच्यता नको. गेल्या चार वर्षांत एकदाच फिट आली, तीही रविवारी, घरी.

मे महिन्यात, ऐन कामाच्या गर्दीत, सोनम नावाची नवी मुलगी खुर्चीवरून कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबू लागलं, तर विनोदकुमार साहेब स्वतः चमचा घेऊन धावले.

"चमचा ठेवा खाली," दयानंद म्हणाले. साहेबांशी ते या सुरात कधीच बोलले नव्हते. त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या, तिच्या डोक्याखाली एसीसाठी आणलेला आपला स्वेटर सरकवला, तिला हळूच कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले. दोन मिनिटांत झटके थांबले. थोड्या वेळानं सोनमनं विचारलं, "सगळ्यांनी पाहिलं?"

"सगळे घाबरले होते. धड कोणीच पाहिलं नाही."

"तुम्हाला कसं येतं हे?" हिशेब बघणाऱ्या स्मितानं नंतर विचारलं.

"चुलतभावाला आहे," दयानंद म्हणाले. खरं तर हा चुलतभाऊ धडधाकट, कोल्हापुरात पोहायला शिकवतो.

शुक्रवारी साहेबांनी त्यांना शाल घातली, म्हैसूरपाक वाटला आणि हिरव्या अधिकच्या खुणेचा बिल्ला देऊन प्रथमोपचार प्रमुख केलं. घरी बिल्ला पाहून बायकोनं, प्रियदर्शनीनं विचारलं, "अहो, आणि तुम्हालाच आली तर?"

दयानंदांनी जेवायला वाढायला सांगितलं.

सोमवारी केबिनमधून बोलावणं आलं. विनोदकुमारांचं घराणं चार पिढ्या बंगळुरातलं. दयानंदांशी ते मराठीतच बोलत, मधूनमधून कानडी शब्द मिसळून.

"अण्णा, स्वल्प बसा. ती पोरगी ठेवायला नको. आपलं काम डोक्याचं. असा आजार असल्यावर चुका कशा दिसणार? तुम्ही प्रमुख, एवढी सही करा."

दयानंदांनी कागद वाचला. हात सवयीनं पेनाकडे गेला. 'अपस्मार' चुकीचा लिहिला होता, तो त्यांनी सुधारला.

"साहेब, अकरा वर्षं तुमच्या चुका असलाच माणूस काढतोय. मला फिट येते."

साहेब हसले. "मन मोठं आहे तुमचं. पण तिच्यासाठी खोटं कशाला बोलता?"

दयानंदांनी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. साहेबांनी मोबाईलवर गोळीचं नाव शोधलं, बराच वेळ वाचलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले.

कागद फाटला. शाळा तोंडावर असताना दोघांना काढलं तर पुस्तकं वेळेत निघाली नसती. प्रमुखपद मात्र ऑफिसातल्याच शुभंकरकडे गेलं, कारण त्याची तब्येत ठणठणीत. रक्त दिसलं की त्याला भोवळ येते, एवढंच. स्मिता दयानंदांशी सावकाश, मोठ्यानं बोलू लागली, जणू त्यांना कमी ऐकू येतं.

गुरुवारी सोनम डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. जेवण झाल्यावर दोघांनी सगळ्यांदेखत गोळ्या घेतल्या.

"तुमच्या गोळीनं झोप येते?" तिनं विचारलं.

"गोळीनं नाही. सातवीच्या भूगोलानं येते."

सोनमला ठसका लागला. शुभंकर बिल्ला सावरत पाणी घेऊन पळत आला.