कमी घरपट्टीचं गाव

एमिल हुडाकला अमेरिकेतली राज्यं तोंडपाठ होती, पण राजधान्यांसकट नव्हे, करांसकट. बॉलबेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याला हा नाद लागला. न्यू जर्सीत, जिथली घरपट्टी देशात सगळ्यात जास्त, पसेइक नदीकाठी त्यांचं दुमजली घर होतं. बाहेर बर्फ साचला की सकाळी न्याहारीच्या टेबलावर नवराबायकोची तीच चर्चा सुरू व्हायची, की इथून निघायचं तर कुठे जायचं.

"टेनेसीवाले पेन्शनला हात लावत नाहीत," बशीतला पोर्क रोल कापत एमिल म्हणायचा, "पण पावाच्या लादीवरसुद्धा कर घेतात. एका खिशात घालायचं आणि दुसऱ्या खिशातून काढायचं."

"मग फ्लोरिडा?" इर्मा विचारायची. उत्तर तिला ठाऊक असायचं.

"फ्लोरिडात करवाले सोडतात आणि वादळांचे विमेवाले धरतात."

"मग पेनसिल्व्हेनिया. पूल ओलांडला की आलंच."

"तिथे मी मेल्यावर पोराला, ग्रेगला, जे मिळेल त्यातून वाटा मागतील. मेलेल्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्यांशी मला व्यवहार करायचा नाही."

"आणि डेलावेअर?"

इथे मात्र एमिल अडायचा. डेलावेअरमध्ये घरपट्टी नावापुरती, दुकानात विक्रीकर नाही, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला सवलत. कराच्या बाबतीत त्याला खोड काढता यायची नाही. मग तो जरा वेळ चावत बसायचा आणि म्हणायचा, "डास फार असतात."

इर्माला कळून चुकलं होतं की हा माणूस कुठेही जाणार नाही. शाळेच्या खानावळीत सव्वीस वर्षं हजारो पोरांना जेवू घालून तीही थकली होती. तिला कुठे जायचं नव्हतं, राहायचंही नव्हतं. एमिल बोलतोय आणि आपण मधूनमधून एकेका राज्याचं नाव घेतोय, एवढं तिला पुरे होतं.

एप्रिलमध्ये गाडीचे हिवाळी टायर काढताना एमिल अंगणातच कोसळला. पाना हातातून सुटला नव्हता.

अंत्यविधीला चर्च भरलं. कारखान्यातले, बोलिंगच्या चमूतले, कुठले कुठले लोक आले. मग सगळे पांगले. मे महिन्यात घरपट्टीचं तिमाही बिल आलं, तेव्हा इर्माच्या ध्यानात आलं की हे पाकीट आपण जन्मात कधी फोडलेलं नाही. एमिल ते स्वतः फोडायचा, नगरपालिकेला मनसोक्त शिव्या घालायचा आणि दुसऱ्याच दिवशी निमूट चेक लिहायचा. आता त्याचं पेन्शन निम्म्यावर आलं होतं आणि बिल होतं तेवढंच होतं. शिव्या द्यायचा तिने प्रयत्न करून पाहिला. रिकाम्या स्वयंपाकघरात आपलाच आवाज ऐकून तिला कसंतरीच झालं.

गल्लीत बोलायला कोण होतं? शेजारचे ओडेल कधीच साउथ कॅरोलायनाला गेले होते. समोरची रोझली, जिच्याबरोबर इर्माने तीस वर्षं दर शुक्रवारी पत्ते कुटले, ती दोन वर्षांपूर्वी टेनेसीला गेली. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याने, आता ख्रिसमसला कार्ड येई. त्यांच्या घरांत तरुण जोडपी राहायला आली होती. ती अंधारात न्यूयॉर्कची बस धरायची आणि अंधारातच परतायची. गाडीच्या काचेतून हात हलवायची. चांगली होती बिचारी.

ग्रेगचा ओरेगनहून रविवारी फोन आला.

"आई, ते घर वीक. एकट्या बाईला चार खोल्या हव्यात कशाला? तू काय भरतेस याचा विचार केलायस का कधी?"

"करतेच आहे. दुसरं काय करते?"

"मग?"

"मग तुझ्याकडे येऊ?" इर्मा म्हणाली. हसतच म्हणाली, म्हणजे नाही म्हणायला त्याला सोपं जावं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ग्रेग म्हणाला, "इथे ना, आई... इथला प्राप्तिकर फार आहे. तुला नाही परवडणार."

"हो रे," इर्मा म्हणाली. "तुझे बाबाही हेच म्हणायचे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. भांडी कोरडीच होती.

जूनमध्ये ती एकटीच गाडी काढून डेलावेअरला घर बघायला गेली. खाडीपासून जवळ, मक्याच्या शेतांत निवृत्तांची वसाहत उठली होती. एकसारखी बैठी घरं, एकसारखे आखूड कापलेले हिरवळीचे तुकडे. रस्त्यावर माणूस नव्हता. दलालाचा फोन आला की तो वाटेत अडकलाय, तासभर लागेल. इर्मा गाडीतच बसून राहिली, तेवढ्यात घराचं दार उघडून एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला.

"गाडीत शिजून जाल," तो म्हणाला. "आत या. घर विकायला काढलंय, चोरायला नाही."

त्याचं नाव क्लेमेंट लेन्हार्ट. लाँग आयलंडवर तो शाळांचे पियानो दुरुस्त करायचा. सामान खोक्यांत बांधून झालं होतं, फक्त दोन खुर्च्या आणि सूपचं पातेलं बाहेर होतं. त्याने न विचारताच तिच्यापुढे वाटी ठेवली.

"न्यू जर्सी?" त्याने विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"या रस्त्यावर विचारायचं नसतं. जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट. सगळे घरपट्टीचे निर्वासित. इथला माणूस इथे एकही नाही."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

"परत. न्यूयॉर्कला. गावातल्या वाणसामानाच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. प्राप्तिकर देणार, विक्रीकर देणार, घरमालकाची घरपट्टीही भाड्यातून मीच देणार." तो सूप फुंकत म्हणाला, "माझ्या हिशेबनिसाने फोनच आपटला."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"एक न्हावी आहे. जिवंत आहे, मी फोन करून खात्री केली."

इर्मा हसली. एप्रिलनंतर ती पहिल्यांदाच अशी हसली, आणि हसू थांबल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं. क्लेमेंट मात्र हसत नव्हता.

"आम्ही दोघं आलो होतो," तो म्हणाला. "बारा वर्षं हिशेब करून आलो. दुसऱ्या वर्षी कोरिन गेली. सगळे शेजारी आले हो अंत्यविधीला, अगदी इस्त्रीचे कपडे घालून. पण बोलायची वेळ आली आणि कुणाला काही बोलताच येईना. माझी बायको चाळीस वर्षं चर्चमध्ये गायली. भांडली की आठवडा आठवडा बोलायची नाही, आणि मग मध्येच चिठ्ठी सरकवायची की मीठ संपलंय. त्यांना काय माहीत? समोरची बाई उभी राहिली आणि म्हणाली, त्यांनी जेरेनियमची फुलं छान लावली होती." त्याने वाटी बाजूला सारली. "जेरेनियम आधीच्या मालकाची होती."

दलाल आला तेव्हा क्लेमेंट पातेलं धूत होता. इर्माने घर पाहिलं. पायऱ्या नव्हत्या, खिडक्या मोठ्या होत्या. निघताना क्लेमेंट दारापर्यंत आला.

"मी तुम्हाला घेऊ नका असं सांगतोय, असं समजू नका," तो म्हणाला. "घर चांगलं आहे. छत गेल्याच वर्षी बदललंय."

घरी येऊन इर्माने पंधरा दिवस विचार केला. एमिलसारखंच तिनेही आकडे मांडून पाहिले. इथल्या एका तिमाहीच्या बिलात तिथलं अख्खं वर्ष निघून वर पैसे उरत होते. पण तिला अडवत होतं ते वेगळंच. क्लेमेंटकडे निदान न्हावी तरी होता. आपल्याला इथे कोण आहे, म्हणून तिने गल्लीतून एक फेरी मारली. ज्यांना एमिल आठवेल अशी दोन दारं निघाली. त्यातल्या एका दाराबाहेर 'विकणे आहे'ची पाटी लागली होती.

ती दफनभूमीत गेली. दगडावर एमिलच्या नावाशेजारी तिचंही नाव कोरलेलं होतं, फक्त पुढची तारीख राहिली होती.

"डेलावेअर ठरवलंय," ती म्हणाली. "डासांचं मी बघते काय ते."

ऑगस्ट उजाडायच्या आत ती क्लेमेंटच्या घरात राहायला आली. घर लावायला आठवडासुद्धा लागला नाही. सकाळी उठायचं, कॉफी करायची, खिडकीतून मका बघायचा. दुपारी लोक आपापल्या छोट्या गाड्यांतून टपालपेटीपाशी यायचे, "छान हवा आहे" म्हणायचे आणि जायचे. ती सगळ्यांना ओळखत होती, म्हणजे कोण कुठून आलं आणि तिकडे किती भरत होतं ते. त्यापलीकडचं तिला काही माहीत नव्हतं.

मग घरपट्टीचं बिल आलं. इर्माने ते उभ्यानेच फोडलं. तिला वाटलं, दुसरं पान राहिलं असेल, म्हणून तिने पाकिटात बोटं घालून चाचपलं. दुसरं पान नव्हतं. त्या एवढ्याशा आकड्यातच अख्खं वर्ष होतं.

"एमिल! अरे, बघ तरी हे!" ती मोठ्याने म्हणाली.

फ्रिज घरघरत होता. ती खुर्चीवर बसली आणि पोटभर रडली. त्या माणसाने निवृत्त झाल्यापासून या कागदाची वाट पाहिली होती, आणि कागद आला तो तिच्या एकटीच्या हातात.

घरात थांबणं अशक्य झालं तेव्हा तोंड धुऊन, सकाळी केलेला अक्रोडाचा रोल ताटलीत घालून ती समोरच्या घरी गेली. तिथे विनिफ्रेड टिलॉट्सन राहायची. टपालपेटीपाशी कधी न थांबणारी, तुटक बोलणारी बाई. विनिफ्रेडने दार अर्धवटच उघडलं.

"मला काही नकोय," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष इर्माच्या डोळ्यांकडे गेलं. "काय झालं?"

"घरपट्टीचं बिल आलं."

"जास्त आलं?"

"नाही हो. कमी आलं."

विनिफ्रेड दार पूर्ण उघडून बाजूला झाली. आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "विनी, आपण घरी कधी जायचं?"

"हॅरॉल्ड," विनिफ्रेड हळू आवाजात म्हणाली. "माझा नवरा. इथे येऊन वर्ष झालं आणि त्याचं हे सुरू झालं. त्याला कनेक्टिकटचं घर आठवतं, हे आठवत नाही. दिवसातून शंभरदा विचारतो. त्याला सोडून कुठे जाताही येत नाही. दूधसुद्धा शेजारच्यांकडून मागवते, आणि त्यांना वाटतं मी आखडू आहे."

"मग जा ना दूध आणायला," इर्मा म्हणाली. "मी बसते."

"तो तुम्हाला ओळखणार नाही."

"इथे मला कोण ओळखतं?"

विनिफ्रेडने दोनदा वळून पाहिलं, मग पर्स उचलली आणि पळाल्यासारखी गाडीकडे गेली.

हॅरॉल्ड खिडकीपाशी बसला होता. स्वच्छ दाढी केलेला, स्वेटरची बटणं नीट लावलेली. इर्माने त्याला रोलचा तुकडा दिला. त्याने तो सावकाश खाल्ला आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?"

"झालंय. एमिल त्याचं नाव."

"माणूस कसा आहे?"

हा प्रश्न एप्रिलनंतर तिला कुणीही विचारला नव्हता. ज्यांनी विचारावा ते एमिलला ओळखत होते, आणि बाकीच्यांना विचारायचं कारण नव्हतं. इर्माने खुर्ची जवळ ओढली. तिने सुरुवात कारखान्यातल्या नाचापासून केली. तिथे एमिलने तिच्या पायावर इतक्या वेळा पाय दिला होता की ती लंगडत घरी गेली होती. हॅरॉल्ड मान डोलवत ऐकत होता. मध्येच तो "मग?" म्हणायचा. मध्येच त्याचं लक्ष उडायचं आणि तो विचारायचा, तुमचं लग्न झालंय का, आणि इर्मा पुन्हा नाचापासून सांगायला लागायची. दुसऱ्यांदा सांगताना तिला त्या दिवशीच्या बुटांचा रंगही आठवला.

विनिफ्रेड परतली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, गालांवर जरा रंग चढलेला. "मंगळवारी पुन्हा..." ती म्हणाली आणि वाक्य तिथेच राहू दिलं.

"येईन," इर्मा म्हणाली.

बाहेर ऊन उतरलं होतं. ती उठली तशी हॅरॉल्डने काळजीने वर पाहिलं.

"एमिल येतोय ना तुम्हाला न्यायला?"

"नाही," इर्मा म्हणाली. "मी चालत जाईन. समोरच राहते."