नारायणराव सरांची लीग

"आ गये फिर से गेंदवाले," पडद्यामागून खुर्शीदाभाभी पुटपुटल्या. "मागच्या खेपेले सारी साखर पिऊन गेले. आज बिनसाखरेचाच देतो."

पडदा आणि माझी खुर्ची यांच्यात हातभर अंतर, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला. इंद्रभानभाऊंनाही आला असणार, पण ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

सोनाळ्यात अब्दुल गनी आणि खुर्शीदाभाभींच्या घरी आम्ही दुसऱ्यांदा आलो होतो. गनीचाचा सरकारी कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, अंगानं काटकुळे. त्यांनी दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही. आम्ही आपले आत आलो.

माझं शेगावात फॉल-पिकोचं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत. बाकीच्या बाया भिशी लावतात, मी जुन्या टीमा गोळा करते. हुतूतूच्या, व्हॉलीबॉलच्या, कोणत्या गावात कोण खेळायचं, कोणी कोणाला हरवलं, असं सगळं. एका साप्ताहिकात ते छापून येतं. नवरा म्हणतो, मेलेल्यांचे स्कोर लिहिते. इंद्रभानभाऊ माझे लेख वाचूनच दुकानात आले होते. मेडिकलवर आयुष्य गेलेला माणूस, चिठ्ठीवरचं कोणत्याही डॉक्टरचं अक्षर लावणारा, पण वडिलांचं नाव काढताना अडखळला.

त्यांचे वडील नारायणराव एका शाळेत खेळाचे सर होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी म्हणे जिल्ह्यात पहिली बेसबॉल लीग भरवली. सोनाळ्याची टीम, जानेफळची टीम, आणखी दोन. पुराव्याला एक ग्रुप फोटो होता. आता भाऊंच्या गावातल्या मैदानाला सरांचं नाव द्यायचं चाललं होतं, आणि तिथल्या मंडळींनी अट घातली होती की आधी लीगची माहिती पेपरात येऊ द्या.

"एक मॅच शोधून द्या, ताई," भाऊ म्हणाले होते. "फक्त एक. माह्या बाबाचं नाव निघालं की लोक गालात हसतात. काऊन हसतात, ते कोनी सांगत नाही. मेले तवाही हसतच होते काहीजन."

म्हणून हा सगळा खटाटोप.

फोटोतले दोनच जण सापडले. एक गनीचाचा. दुसरे उत्तमराव, सरकारी गोदामावरून रिटायर झालेले, अंगानं भरदार. भाऊंनी त्यांना आजच इथे बोलावून घेतलं होतं. आमच्या मागोमाग तेही आले आणि कोणी म्हणायच्या आत बाजेवर बसून तंबाखू मळू लागले. बाज करकरली. दोघे एका टीमचे, पण एकमेकांकडे बघेनात.

"लई दिवसांनी भेटून राह्यले ना तुम्ही दोघं?" मी म्हटलं.

"तुमाले काय करायचं आहे?" उत्तमराव म्हणाले. "लवकर इचारा. मले परत जायचं आहे."

"तुमची टीम कोणती मॅच हरली?"

"आमी हरलोच नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हनलं ना."

"पंच कोण होते?"

"होते एक." उत्तमरावांनी गनीचाचांकडे न बघताच हात केला. "चांगले होते. काहो गनी?"

"लई चांगले," गनीचाचा म्हणाले.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. या नादात मला एवढं कळलंय की जो खरा खेळलेला असतो तो भांडतो. पंच जानेफळवाल्यांचा साळा होता म्हणतो. आमचा गडी आउट नव्हताच म्हणतो. जिंकलेल्या मॅची त्याला आठवत नाहीत, हरलेल्या मात्र कालच्यासारख्या आठवतात. आजवर मला एकही म्हातारा असा भेटला नाही की ज्याचे पंच लई चांगले होते.

आणि तो फोटो. नऊ पोरं, नवी निकर, निकरला धारदार इस्त्री, बुटांना धुळीचा कण नाही. सोनाळ्याच्या मैदानात. मी कपड्यांच्या धंद्यातली बाई, मला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण बोलले नव्हते.

भाऊंनी पिशवीतून बेसबॉलचा ग्लोव्ह काढला. अमरावतीहून मुद्दाम आणलेला, कोरा, चामड्याच्या वासाचा. "काका, हा घाला. एक फोटो घेऊ. लेखात लावू."

उत्तमरावांनी तो उलटसुलट करून बघितला आणि उजव्या हातात घुसवला. अंगठा भलत्याच बोटात गेला.

"बॉल फेका न आता," भाऊ म्हणाले.

उत्तमरावांनी डाव्या हातात बॉल घेतला. तो सुटला, घरंगळत माझ्या चपलेपाशी आला. कोणी उचलला नाही.

"ग्लोव्ह डाव्या हातात घालतात, काका. उजव्यानं फेकायचं असते."

"आमच्या टायमाले असंच होतं."

"तुम्ही डावरे आहा काय?"

"हाव."

"तंबाखू तं उजव्या हातानं मळून राह्यले होते आत्ता."

उत्तमरावांनी ग्लोव्ह काढून बाजेवर टाकला. "इंद्रभान, तुनं साक्षीले बोलावलं का मले? इतकं जड जात असन तं लिहून टाक ना बे, मॅच झाली, रंगली, आमी जिंकलो. कोन पाहायले येते? मेलेल्या बापाले काऊन उकरून राह्यला?"

"माह्या बापाचं नाव मैदानाले लावायचं आहे. खोटं लिहून नाही लावायचं."

"मंग नको लावू."

"साहेब," गनीचाचा खाली बघतच उत्तमरावांना हळूच म्हणाले, "यायनं पेपरात टाकलं अन् वरून कोनी चौकशी..."

"गनी, तू चूप बैस."

बसल्या जागी गनीचाचांचा एक गुडघा हलत राहिला.

मी पेनाला टोपण लावलं. "चला भाऊ. शेगावची गाडी निघून जाईल."

भाऊंचा राग मग माझ्यावर निघाला. "तुमालेही माहीत आहे काहीतरी," भाऊ म्हणाले. "मागच्या खेपेपासून पाहून राह्यलो. फोटो पाहता अन् मान खाली घालता. मॅचचं इचारलं की गाडीचं सांगता. का लेख लिहिताच येत नाही? साड्यायले फॉल लावनाऱ्या बाईले बेसबॉलमधलं काय समजते म्हना."

"काहीच समजत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर चला म्हणते."

मला लागलं. लागायचंच होतं. पण त्यांनी बाजेवरून तो ग्लोव्ह उचलून मांडीवर घेतला होता आणि उत्तमरावांनी ताणलेलं त्याचं बोट ते अंगठ्यानं नीट करत होते. अशा माणसाशी भांडायचं कसं? आणि त्यांचं खोटंही नव्हतं. मी गाडीचंच सांगत आले होते.

"बाईले काऊन बोलतं?" उत्तमराव हसले. "तिले समजलं, ती चालली. तुलेच समजत नाही."

"काय समजलं? सांगा ना मंग. बोला ना."

पडद्यापलीकडे स्टोव्ह बंद झाला.

भाऊ उठून गनीचाचांच्या समोर खाली बसले. चाचांनी पाय मागे ओढून घेतले.

"चाचा, जिंकलेली नका सांगू. कोनाले तरी बॉल लागला असन. कोनी पडला असन, दात पडला असन. पानी आलं असन, मॅच अर्ध्यात मोडली असन. तेही चालते मले. मोडलेली सांगा."

गनीचाचांचे ओठ हलले. त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच.

"गनी," उत्तमराव बाजेवरून उठले, "चाल, बाहेर ये. अन् तू रे, पुन्हा इथं दिसला तं पाय जाग्यावर राहनार नाहीत. बापासारखाच हाय. दुसऱ्यायचं भलं करायले जातो अन् सगळ्यायले गोत्यात आनतो."

"काय भलं केलं बाबानं?"

उत्तमरावांनी जीभ चावली. ते दाराकडे वळले.

तेवढ्यात पडदा सरकला. खुर्शीदाभाभी रिकाम्या हातानं बाहेर आल्या. चहा नव्हताच. ओढणी डोक्यावर घेत त्या सरळ नवऱ्याजवळ गेल्या आणि त्यांच्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाभी, तुमी आत जा," उत्तमराव म्हणाले.

"घर माहं हाय, उत्तमरावभाऊ." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "हे लोक मागच्या खेपेले येऊन गेले अन् दोन दिवस यायच्या गळ्याखाली घास उतरला नाही. पोस्टमन आला तरी पेन्शन बंद करायले आले म्हन्तात. निकाह झाला तवापासून मी हे भेव पाहून राह्यली. आता बास."

"खुर्शीदा," गनीचाचा म्हणाले.

"आता बास म्हनलं ना." मग त्या जमिनीवर बसलेल्या भाऊंकडे वळल्या. आवाज खाली आला, पण नरम झाला नाही. "तुमचे वडील वाईट नव्हते, भाऊ. गरिबाची पोरं होती, सरकारात खेळाडूच्या राखीव जागा निघाल्या होत्या. त्यायनं कपडे शिवले, फोटो काढला, खेळल्याची सर्टिफिकिटं वाटली. आमी घेतली. यायले नोकरी लागली, उत्तमरावभाऊलेही लागली. मॅच एकही झाली नाही."