कूलरचं पाणी

मे महिना होता. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं. बनाबाईने अंगणातल्या पिंपाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पिण्यापुरतं काढलं की पहिला मान धाकट्या मुलाच्या, बिरुदेवच्या कूलरचा. तो टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, दिवसा झोपायचा. थोरल्या शहाजीची बायको सोनाली, तिला धुण्याला एकच बादली मिळे.

त्या दिवशी सोनालीच्या तान्ह्या मुलीला जुलाब सुरू झाले. बादली सकाळीच संपली.

"आत्या, अजून एक बादली द्या की."

"मग परवापत्तुर काय माती खायची?"

"कूलरला वततायच की!"

"त्यो रातभर मागावर उभा ऱ्हातो. तुझ्यासारखा घरात बसून न्हाय खात."

सासू आत गेल्यावर सोनाली खिडकीमागे गेली, कूलरचं बूच काढलं आणि टाकीतलं सगळं पाणी बादलीत घेतलं. लेकीला धुतलं. दुपटी भिजत घातली.

थोड्याच वेळात बिरुदेव घामाने निथळत बाहेर आला.

"कुणी काढलं पाणी?"

"मी. लेकरू घाणीत लोळू देऊ व्हय?"

त्याने बादलीला लाथ घातली. दुपटी मातीत पडली, पाणी गटारात गेलं. पोरगी किंचाळून रडू लागली.

"बरं केलंस," उंबऱ्यातून बनाबाई म्हणाली.

संध्याकाळी शहाजी कामावरून आला. आईपुढे तो कधी तोंड उघडत नसे. सोनालीचं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आई, किल्ली दे."

"न्हाय देत."

त्याने दगड उचलला आणि कुलूप तोडलं. अर्धं पाणी दुसऱ्या पिंपात ओतून आपल्या खोलीत नेलं.

"आजपासून चूल बी वेगळी."

"बायकोचा बैल झालास!" बनाबाई ओरडत राहिली. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरने बनाबाईचं पिंप कोरडं केलं. बिरुदेव झोपला होता. ती तांब्या घेऊन सोनालीच्या दारात आली. मागितलं नाही, नुसता तांब्या पुढे केला. सोनालीने तो भरून दिला. बनाबाई उभ्यानेच घटाघटा प्यायली.

"माझ्या घराचे दोन तुकडे केलेस."

"तुमीच केले, आत्या."

सोनाली तिच्याकडे पाठ करून बसली आणि लेकीला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजू लागली.