अकराव्या भागातली शिडी

मित्रांनो, मी एक जुने आणि थोर परंपरा असलेले रेल्वे इंजिन आहे. माझ्या पूर्वजाने ढगांच्याही वरच्या घाटातून टपाल नेले, दोन दरोडे परतवले आणि एक राज्य बुडता बुडता वाचवले. हे सगळे दर रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा या वेळात, मध्ये जाहिरातींसाठी थांबून. माझा पूर्वज टीव्हीवरच्या एका मालिकेत कामाला होता. तो प्लायवुडचा होता आणि चार माणसे त्याला मागून ढकलत. चौथ्या भागात त्यांतल्या एकाचे बूट दिसतात.

राहता राहिले माझे जुनेपण. मला या वर्षी चार वर्षे पूर्ण होतील. माझी लांबी बत्तीस मिलिमीटर असून मी काडेपेटीत राहते.

माझा जन्म एका घड्याळजींच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक खिडकी, एक खुर्ची आणि भिंतीवर एकोणीस वेगवेगळ्या वेळा दाखवणारी एकोणीस घड्याळे. माझे अंग पितळी पत्र्याचे. धुराडे एका मनगटी घड्याळाच्या चावीतून कोरलेले. मोटर जुन्या मोबाइलमधली; फोन आला की थरथरायचे, एवढाच तिला कामाचा अनुभव. चाके एका बायकी घड्याळातली. ते घड्याळ घड्याळजींच्या बायकोचे होते. ती गेल्यावरही ते चालत होते, तरी त्यांनी ते उघडले.

तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. लहानपणी नव्हे, चांगल्या कमावत्या वयात या तिघांनी ती मालिका एका पलंगावर बसून पाहिली होती. डॉक्टरांकडे सव्वीसही भागांच्या टेप होत्या, त्यामुळे पडद्यावर काय आहे आणि काय नाही याचा निवाडा तेच करत. गावात 'सूक्ष्म रेल्वे मंडळ' नावाची संस्था होती आणि तिचा नियम एकच होता: पडद्यावर दिसले तेच बनवायचे. या नियमापायी बुटांचा प्रश्न निघाला. बूट पडद्यावर दिसले होते, मग इंजिनामागे तेही बनवायचे का? तीन सभा झाल्या, आवाज चढले, आणि शेवटी बिनबुटाचे चार सभासद बाहेर पडून विमानांकडे गेले. घड्याळजीही बिनबुटाचेच. पण डॉक्टर बूटवाले, आणि दर गुरुवारी जेवण डॉक्टरांकडे. म्हणून ते मंडळात राहिले.

आता माझे गुपित सांगते. मला रंग दिला जात होता, तेव्हाची गोष्ट. मी चिमट्यात होते आणि एकाएकी मला थरथर जाणवली. मला वाटले, मोटर चालू झाली. मोटर अजून बसवलेली नव्हती.

घड्याळजींचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी चिमटा खाली ठेवला, हाताकडे एखाद्या उशिरा आलेल्या नोकराकडे बघावे तसे बघितले आणि पुन्हा चिमटा उचलला. त्यानंतर हे रोजचे झाले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. मीही नाही.

पण एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या तबकडीवर ओरखडा उठला. घड्याळजी म्हणाले, चिमटा घसरला. त्यांची मुलगी, जी शेजारच्याच रस्त्यावर राहत होती आणि वडिलांना चांगले ओळखून होती, चिमट्याबद्दल काही बोलली नाही. महिन्याभराने दुसऱ्या घड्याळाचा काटा वाकला, तेव्हा तिने सांगून टाकले की आता बस, हात चालत नसेल तर शटर खाली घ्यायचे. दुकान गेले तर सकाळी उठून जायचे कुठे, हा घड्याळजींचा प्रश्न होता. तो त्यांनी विचारला नाही. हात ठणठणीत आहे म्हणाले.

"मग मंडळाच्या प्रदर्शनाला मी येते," ती म्हणाली. "गाडीकडे नाही बघणार, बाबा. हाताकडे बघणार."

तिला मंडळाचा रिवाज माहीत होता. नवे इंजिन ज्याने बनवले त्यानेच सर्वांसमोर चिमट्याने रुळांवर ठेवायचे, एकदाच. चाके रुळांवर बसली नाहीत तर इंजिन कपाटात. दोन रुळांमधले अंतर तीन मिलिमीटर.

प्रदर्शन चारला होते. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता दुकानातला फोन वाजला.

"दाजी, घड्याळ उलटं चालतंय," डॉक्टर म्हणाले.

"सेल बदल."

"माझं नाही हो. अकराव्या भागातलं. स्टेशनवरचं."

घड्याळजींनी फोन कानाशी धरूनच माझी उजवी बाजू पाहिली. माझ्या अंगावर, उजवीकडे, सहा पायऱ्यांची एक शिडी होती. केसाएवढ्या तारेची, पाच मिलिमीटर उंच. मालिकेत इंजिन जवळून नीट दिसते ते एकदाच, अकराव्या भागात. ते दृश्य घड्याळजींनी दोनशे वेळा तरी पाहिले होते आणि शिडी त्यावरूनच उजवीकडे लावली होती. डॉक्टर चार महिने मंडळासाठी स्टेशन बनवत होते. त्यावरचे घड्याळ करायचे म्हणून त्यांनी त्या सकाळी प्रथमच इंजिन सोडून घड्याळाकडे पाहिले. आकडे उलटे होते. काटा बारावरून डावीकडे निघाला होता. मालिकावाल्यांनी ते दृश्य आरशातल्यासारखे फिरवून दाखवले होते, गाडी योग्य दिशेला जावी म्हणून. म्हणजे शिडी डावीकडे हवी होती.

चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाने ते घड्याळ दोनशे वेळांत एकदाही पाहिले नव्हते.

डॉक्टर साडेबाराला दुकानात आले. शिडी न बदलता चालणार नाही, यावर दोघांचे ताबडतोब एकमत झाले. या मंडळींना मालिकेतले राज्य बुडालेले चालते, शिडी चुकलेली चालत नाही. ब्लेडने शिडी उतरवली, जुन्या जागी रंगाचा ठिपका दिला. इथवर ठीक. मग घड्याळजींनी सुईच्या टोकाने माझ्या डाव्या अंगाला डिंक लावला आणि चिमट्यात शिडी धरली.

शिडी हलत होती, हे सौम्य झाले. तिच्यावर कोणी चढलेले असते तर त्याने तिथेच राजीनामा दिला असता. पहिल्यांदा ती माझ्या धुराड्याला लागली. दुसऱ्यांदा छपराला. तिसऱ्यांदा ती चिमट्यात नव्हतीच. डिंक वाळत होता. दोन साठीतले गृहस्थ गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी तपासू लागले. एक गिऱ्हाईक आले, त्यांना तसे बघून परत गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना शिडी स्वतःच्याच बुटाला चिकटलेली सापडली.

ती ओल्या बोटावर घेऊन ते उठले. पण देईनात.

"दाजी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

डॉक्टर नुसते हाताकडे बघत राहिले.

"चष्मा बदलला तेव्हापासून," घड्याळजी म्हणाले.

"म्हणजे सहा महिने."

"त्याच्या आधीचा चष्मा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. पेशंटला सांगतात त्या आवाजात त्यांनी सांगितले, की मनगट टेबलावर टेकवून भागत नाही. करंगळी टेकवायची, आणि तीही चिमट्याच्या टोकाजवळ. ते स्वतः करंगळी शेजारच्या दातावर टेकवतात. हवेत हात धरून काम करायचे दिवस त्यांचे कधीच गेले.

घड्याळजींनी वर पाहिले. "तुझाही?"

"पेशंट डोळे मिटून असतो," डॉक्टर म्हणाले.

तीन वाजून पाच मिनिटांनी शिडी बसली. सरळ बसली. पुढे मला काडेपेटीत घातले, आणि वाळायला दिवसभर लागणाऱ्या डिंकासह मी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेले.

तिथे भिंतीला लागून छातीएवढ्या उंचीवर एक लांब फळी होती, फळीवर रूळ, आणि रुळांमागे, भिंतीकडच्या बाजूला, डॉक्टरांचे स्टेशन. कौले एकेक कापून बसवलेली. वर तांदळाएवढे घड्याळ, सुलट. मुलगी फळीच्या टोकाशी उभी होती. मंडळाच्या अध्यक्षांनी माझी परंपरा सांगितली, त्यात प्लायवुडचा उल्लेख आला नाही. मग घड्याळजींनी मला चिमट्यात उचलले.

ती थरथर माझ्या चाकांपर्यंत आली. रूळ माझ्याखाली इकडे, मग तिकडे. चिमट्याच्या टोकाजवळ करंगळी टेकवावी तर खाली रूळच; ते वाकतील. मला मुलीचा चेहरा दिसला. ती खरोखरच गाडीकडे बघत नव्हती.

"माझ्या छपरावर टेकवा," डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले.

"चार महिने लागलेत तुला."

"टेकवा, दाजी."

करंगळी स्टेशनच्या छपरावर आली. हात थांबला. कर्र असा बारीक आवाज झाला, कौले खचली, घड्याळ फलाटावर पडले, आणि त्याच क्षणी माझी चारही चाके रुळांवर बसली. मोटर सुरू झाली. मी दोन मीटर गेले आणि तसेच मागे आले. टाळ्या झाल्या. चौदा माणसे होती, कुलूप लावायला थांबलेला शिपाई धरून.

"मामा, तुमचं छप्पर," मुलगी म्हणाली.

"सतराव्या भागात भूकंप आहे," डॉक्टर म्हणाले.

सतराव्या भागात लग्न आहे. हे मुलीलाही माहीत होते. टेप तिनेही पाहिल्या होत्या. जिना उतरताना घड्याळजी दोन पायऱ्या उतरून थांबले आणि त्यांनी आपणहून सांगितले, की उद्यापासून फक्त पट्टे आणि सेल; कोणाचे घड्याळ उघडायचे नाही.

"शटर जड आहे," ती म्हणाली. "सकाळी मी येऊन उघडत जाईन."

मित्रांनो, दुकान अजून चालू आहे. माझी मात्र वर्षातून एकच दिवस आठवण होते, म्हणून एक विनंती. मला बाहेर काढाल तेव्हा धूळ उडवायला फुंकर मारू नका. फुंकरीत ओल असते, तिने पितळ काळवंडते. मऊ ब्रश घ्या. आणि ब्रश धरणाऱ्याचा हात हलत असेल तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. त्याला करंगळी टेकवायला काहीतरी पुढे करा.

प्रदर्शनात मी दरवर्षी धावते, त्याच फळीवर, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे लोकांना माझी उजवी बाजू दिसते. शिडी भिंतीकडे असते.