नानांचं झाड

पाटीची तार गंजून खोडाच्या सालीत रुतली होती. ताईंनी पकडीने ती जोर लावून पिळली, तर तारेबरोबर वाळकी फांदीही कडकन मोडून हातात आली.

"वहिनी, जरा हळू," खजिनदार म्हणाले. "मोडलं ना झाड."

"मोडायला त्यात राहिलंय काय? केव्हाच मेलंय ते."

खजिनदार ताईंच्या यजमानांचे जुने मित्र. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

बोडक्या टेकडीवर झाडं लावायची तर पैसे हवेत, आणि पैसे कोणी देत नव्हतं. मग समितीतल्या कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं: गेलेल्या माणसाच्या नावाने झाड, त्यावर नावाची पत्र्याची पाटी आणि त्यासाठी देणगी. लोकांनी रांग लावली. झाडं लागली, फोटो निघाले, आणि पाणी घालायला कोणी फिरकलं नाही. उन्हाळ्यात निम्मी टेकडी वाळली तेव्हा मात्र फोन सुरू झाले. आमच्या काकांचं झाड वाळलंच कसं? आम्ही पैसे मोजलेत. काका जिवंत असताना त्यांना पाणी कोण विचारत होतं, हे ताईंच्या अगदी ओठांवर यायचं. त्या ते गिळायच्या आणि म्हणायच्या, बघते.

आज पंपांचे व्यापारी येणार होते. तळ्यातलं पाणी टेकडीवर चढवायला पंप आणि पाइप ते स्वतःच्या खर्चाने देणार होते. आधी आईचं झाड डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची अट. त्या आईची फांदी या घडीला ताईंच्या हातात होती. पंप मिळाला नाही, तर उरलेली टेकडीही पुढच्या उन्हाळ्यात जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

"खरं काय ते सांगून टाकू," खजिनदार म्हणाले.

"सांगा. मागे सिमेंटवाल्याला सांगितलं होतं. देणगी परत घेऊन गेला."

"मग नवं रोप..."

"त्यांच्याकडच्या फोटोत ते कमरेएवढं आहे."

खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. ताई तरातरा शेजारच्या झाडाशी गेल्या. साऱ्या रांगेत तेवढंच हिरवंगार होतं, खांद्याच्या वर गेलेलं. त्याच्या पाटीवर नुसतं 'नाना' लिहिलं होतं. टेकडीवर झाडं लावणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं नाना शेवटपर्यंत म्हणत राहिले आणि बायकोच्या खतांच्या पिशव्याही तेच वाहून आणत राहिले. ते गेल्यापासून ताई रोज संध्याकाळी पाण्याच्या बाटल्या घेऊन, गुडघ्यांना शिव्या घालत वर चढायच्या.

"वहिनी, ते नको. नानांचं नको."

"दुसरं दाखवा मग."

खजिनदारांनी रांगेवरून नजर फिरवली आणि ते पायाखालच्या दगडांकडे बघू लागले.

ही तार चटकन सुटली. बुंधा वाढेल तशी ती सैल करायला ताई कधी विसरत नसत.

व्यापारी धापा टाकत वर आले. आईची पाटी त्यांनी वाचली, बुंध्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. याचाच ताईंना जास्त राग आला.

"आई अगदी अशीच होती," ते म्हणाले. "ताठ. मॅडम, सोमवारी पंप पाठवतो. पण पहिलं पाणी आईला हं."

"पहिलं त्यांनाच," ताई म्हणाल्या.

खजिनदारांनी घाम पुसला. परत निघता निघता व्यापारी शेजारच्या मोडक्या काटकीपाशी थांबले आणि वाकून त्यांनी पाटी वाचली.

"हे नाना कोण?"

खजिनदार काहीतरी बोलणार होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते नुसतेच खोकले.

"होते एक," ताई म्हणाल्या.

"घरचं कोणी फिरकत नाही वाटतं यांच्याकडे." व्यापाऱ्यांनी खेदाने मान हलवली. "पाटी लावली की सुटलो, असं असतं बघा लोकांचं."

ताईंनी पकड पिशवीत टाकली.

"हो, असतात अशी माणसं," त्या म्हणाल्या. "सोमवारी पंप किती वाजता पाठवताय?"