न धुतलेला स्वेटर

लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून सूनबाई गिऱ्हाइकांना रोज बजावायची, "लोकरीचं आहे ना? मग धुतल्याशिवाय कपाटात ठेवू नका. घामाच्या कपड्याला कसर आधी लागते." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नवरा वारल्यापासून त्याच्या राखाडी स्वेटरला तिने पाणी लावलं नव्हतं. डांबराच्या गोळ्यासुद्धा ठेवल्या नव्हत्या. त्या उग्र दर्पापुढे त्याचा वास टिकला असता का? प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून तिने तो वरच्या फळीवर जपला होता.

रविवारी कपाट उघडलं, तर कसरीचं एक बारकं सोनेरी पाखरू नाकासमोरून उडालं. पिशवीची गाठ सैल होती. स्वेटरच्या काखेत, गळ्याशी भोकंच भोकं, आणि विणीत तांदळाएवढ्या पांढऱ्या अळ्या खुशाल वळवळत होत्या. मेल्यांनी बरोबर घामाच्याच जागा गाठल्या होत्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही गाठ कोणी सोडली?"

घरात माणसं दोनच. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "तू कामाला गेलीस की काढायचे. घटकाभर नाकाशी धरायचे. परत गाठ मारायचे गं, पण या बोटांत जोर कुठे राहिलाय?"

"एवढं एकच ठेवलं होतं मी, आई! तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं ना. पण माझाही होता तो."

सासूबाईंनाही तो स्वेटर हवासा वाटत असेल, हे सूनबाईच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली. तिने अळ्या झटकल्या आणि स्वेटर पुढे केला.

"घ्या. आता गरम पाण्यात टाकावाच लागेल, नाहीतर सगळं कपाट जाईल. शेवटचा वास घेऊन ठेवा."

सासूबाईंनी स्वेटर हातात घेतला, पण नाकाशी नेला नाही.

"वास कधीचाच गेलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "वाटायचं, माझंच नाक म्हातारं झालं. तुला अजून येत असेल, म्हणून बोलले नाही."

सूनबाई मटकन पलंगावर बसली.

"मलाही येत नाही हो, आई," ती म्हणाली, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा सासूबाईंसमोर ढसाढसा रडली.